वरच्या खोलीतल्या पाहुण्यांना

किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली आहे.
दार आधी थोडं उचला, मग ढकला;
खाऱ्या हवेनं फुगलंय, माझ्या गुडघ्यासारखं.
गरम पाण्याची मूठ डावीकडे.
मागच्या आठवड्यात ग्राझचा एक प्राध्यापक
चार दिवस गार पाण्यानं अंघोळ करून गेला,
तक्रारसुद्धा केली नाही बिचाऱ्यानं.

आता त्रिएस्तेचं.
पांढरा राजवाडा तुम्ही बघणारच,
मी सांगितलं काय, न सांगितलं काय.
रविवारी मात्र नको.
मोठ्या चौकाला तीनच बाजू आहेत,
चौथीकडे समुद्र.
लोक त्याच्याकडे पाठ करून इमारतींचे फोटो काढतात.
तुम्ही दगडी धक्क्यावर जा, दिवेलागणीला,
अगदी टोकापर्यंत.
कठडा नाही. आजवर कोणी पडलं नाही, असं नाही.

कॉफी मागताना म्हणा, ‘कापो इन बी’.
अर्थ विचारू नका, नुसतं म्हणा.
इवल्या काचेच्या पेल्यात येईल, दोन घोटांची,
आणि गल्ल्यावरची फेदोरा तुम्हाला इथलंच समजून
सुटे पैसे टेबलावर आदळेल.
तो मान समजा.

बोरा सुटला तर छत्री उघडू नका.
डोंगरावरून उतरतो तो,
वसुलीला आलेल्या माणसासारखा दारं ठोकत.
माझ्या लहानपणी कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधायचे, धरून चालायला.
आई म्हणायची, खिशात दगड ठेव.
एक अजून आहे, खिडकीच्या फटीला लावलाय, काढू नका.
वारा पडला की त्याच खिडकीत या:
पाण्यापलीकडे बर्फाचे डोंगर येऊन उभे असतात.
एरवी कुठे जातात, कोण जाणे.

वर पठारावर, चौरस्त्यात, झाडाची फांदी टांगलेली दिसली,
खाली लाल बाण,
तर मुकाट्यानं बाणामागे जा.
कोणातरी स्लोव्हेन शेतकऱ्याचं अंगण लागेल.
उकडलेली अंडी, घरचं हॅम,
आणि जिभेवर लोखंड ठेवून जाणारी काळपट वाइन.
स्तान्कोचं असेल तर माझं नाव सांगा.
आमच्या भाषा निम्म्याच जुळतात,
हिशेब कधी चुकला नाही.
ट्रामनं जा म्हटलं असतं,
पण ट्रामचा भरवसा मी लग्नाच्या वर्षीच सोडला.

हां, आणि दीपगृहाजवळची पोहायची जागा.
तिथे मधोमध भिंत आहे.
बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या.
तुम्ही दोघं आहात असं पत्रात लिहिलंय;
दारातच वेगळं व्हावं लागेल.
हसू नका. तासभर होऊन बघा.
आमच्या बाजूला बायका
टाक्यांचे व्रण उन्हाला लावून पडतात,
सुना, डॉक्टर, मेलेले नवरे, जिवंत नवरे,
जेवणाआधी सगळ्यांचा निकाल लागतो.

भिंत पाण्यात थोडीच जाते.
बाराला पाच कमी असताना लिव्हिओ पलीकडून शीळ घालायचा:
भूक लागली, आटप.
एकतीस उन्हाळे.
मी एकदाही उत्तर दिलं नाही,
बायका काय म्हणतील!

गेल्या ऑगस्टात कोणीतरी तशीच शीळ घातली.
भिंतीलगतच्या पंधरा बायकांनी माना वर केल्या.
पंधरावी मी.
आणि मी, एक्काहत्तर वर्षांची, दोन बोटं तोंडात घातली.
नुसती हवा निघाली.
ओंडीना म्हणाली, नेरीना, कवळी सांभाळ.

तर बाई,
तुमच्या माणसानं पलीकडून शीळ घातली तर उत्तर द्या.
येत नसेल तर खोलीत सराव करा,
शेजाऱ्यांना मी सांगून ठेवलंय.

टॉवेल कपाटात, वरच्या खणात.
खालचा खण उघडत नाही.
ओढू नका.