चिऱ्याला काय द्यायचं

फोंड्याला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
मी वस्तूंना अंग देतो.
रूप सेड्रिक देतो. त्याची भिंत पाहिलीत
तर बोट लावावंसं वाटेल.
बोट लावल्यावर काय होतं, ते माझ्याकडे.
यादीतून निवडायचं: लाकूड, लोखंड, काच, काँक्रीट, चिखल.
मग ती वस्तू किती घसरेल, किती उसळेल,
चपलेखाली कशी वाजेल, ते ठरतं.
निवडायला विसरलो
तर माणूस अख्खा वाडा ओलांडतो
आणि पाऊल वाजत नाही.

सोमवारी घाईत होडीला लोखंड दिलं.
ती कुंभारजुव्याच्या पाण्यात सरळ तळाला गेली.
वल्हेवाला वरच बसलेला,
हवेत, वल्हं मारीत.
एवढे हसलो की टायरवाला जिना चढून आला.

शिंपल्यांच्या खिडकीला काच म्हटलं,
दगड लागताच ती खळ्‌कन फुटली
आणि सेड्रिक गप्प झाला.
लोटलीच्या घरी वादळात एक शिंपला निसटलेला, म्हणाला,
पडला तो पत्त्याच्या पानासारखा.
मग रात्री आम्ही पत्ते पाडत बसलो,
एकेक, फरशीवर.

राहिला चिरा. तो यादीत नाही.
काँक्रीट देऊन पाहिलं,
देवळाची पायरी पंचायतीच्या गटारासारखी वाजली.
म्हणून माईक घेऊन डिचोलीकडच्या खाणीवर गेलो.
गुणो वेळीप हातातली कुऱ्हाड टेकवून म्हणाला,
"आवाज खंयच्या दिसाचो जाय तुका?"

मला कळलं नाही.
त्यानं आजच काढलेल्या चिऱ्यावर नख ओढलं,
तांबडा गर नखात आला.
"खणींत मोव आसता. वारें खातकच घट जाता."
मग गेल्या वर्षीचा दाखवला, त्यावर पातं घसरलं.
मग घरी नेलं, तीस वर्षांच्या कुडाजवळ,
म्हणाला, हाका मार.

माझ्या रकान्यात कठीणपणाला
एकच आकडा मावतो.
वारा किती खाल्ला, ते विचारत नाहीत.

तीन आवाज घेऊन आलो.
तिसऱ्यात गुणोचं कुत्रं भुंकतं,
ते मी काढलं नाही.
खेळात त्या भिंतीला जोरात धडकलात
तर लांबवर ऐकू येईल.
सेड्रिक परवा शोधत होता,
कुत्रा कुठे ठेवलायस?
म्हटलं, चिऱ्यात.