दुधाची गाडी

रात्री अडीचला वीज गेली
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं
गोठा किती मोठ्यानं श्वास घेतो ते.

घर ते गोठा बत्तीस पावलं.
सासऱ्यांनी डिसेंबरातच दोर बांधला होता
घराच्या खांबापासून गोठ्याच्या कडीपर्यंत,
निळा, नेमुरोच्या बंदरात कोळ्यांकडून आणलेला.
मी हसले होते तेव्हा.
आता त्याच दोराला धरून निघते
आणि बत्तीसाची सत्तर होतात.
मधेच कुठेतरी घर पुसलं जातं,
गोठा अजून आलेला नसतो.
वर, खाली, डावं, उजवं, सगळं एकच.
मुठीत दोर आहे
एवढ्यावरच मी आहे.

ट्रॅक्टरचं डिझेल साखळलंय.
त्सुनेओ किटलीतलं गरम पाणी ओततो फिल्टरवर,
आणि शिव्या देतो त्याला,
लग्नाआधी मला पत्रं लिहायचा तितक्या मन लावून.
तिसऱ्या किटलीला इंजिन खोकतं.
जनरेटर. पंप. पिवळे दिवे.
अठ्ठ्याहत्तर माना एकदम वळतात.

गाईंना वादळाचं काय?
पान्हा हवामानखात्याला विचारून फुटत नाही.
कासा तटतटल्यात, थेंब आपोआप गळतायत,
दोन वेळा धार चुकली की आचळ दगड होतं,
मग ताप, मग पू, मग कसायाचा ट्रक,
तो मात्र कसल्याही रस्त्यानं पोचतो.
म्हणून आम्ही धार काढतो.
कुणी नेणार नाही हे माहीत असून काढतो.

पहिल्या दिवशी गाडी आली नाही.
दुसऱ्या दिवशी संघातून फोन :
बर्फ काढणारं यंत्रच गाडलं गेलंय पुलाजवळ.
तिसऱ्या दिवशी फोनही नाही.
टाकी काठोकाठ.

सासरे आले. मात्सुकिची, वय एक्याऐंशी,
कमरेतून वाकलेले, कानटोपीवर हिमाचा थर.
स्टेशनपासून एक गाय चालवत आणून
त्यांनी हे सुरू केलं होतं. ती गोष्ट ते सांगत नाहीत,
सासूबाई सांगायच्या.
टाकीचं झाकण उघडून त्यांनी एक वाटी भरली,
उभ्यानंच प्यायली,
बाहीनं मिशा पुसल्या,
आणि म्हणाले, सोडा.

गटाराचं तोंड गोठलेलं,
म्हणून नळी मागच्या दारातून बाहेर.
त्सुनेओनं तोटी फिरवली
आणि दुसरीकडे बघत राहिला.

मी बघितलं.
वाफ आली आधी.
मग बर्फात एक खळगा पडला, रुंदावत गेला,
आणि मला कळलं की दूध पांढरं नसतं.
पिवळसर असतं. जुन्या हस्तिदंतासारखं,
उन्हाळ्यातल्या गवताचा अंश असलेलं,
अंगाच्या उबेचं.
इतकी वर्षं त्यात हात बुडवून
हे दिसलं नव्हतं,
कारण शेजारी ठेवायला
इतकं पांढरं काही नव्हतंच कधी.

तीन हजार नऊशे लिटर. बराच वेळ लागतो.
मध्येच आतून हंबरडा आला,
एक्केचाळीस नंबर, पहिलटकरीण, आठवडाभर आधीच.
मग कुणाला हळहळायला सवड?
पाय दिसत होते. एकच पाय.
दुसरा आत दुमडलेला, मी खांद्यापर्यंत हात घातला,
तिथं, त्या अंधारात, तीन दिवसांत पहिल्यांदा
माझी बोटं गरम झाली.

वासराला पोत्यानं घासलं, नाकात काडी घातली,
शिंकलं.
रॉकेलच्या शेगडीपाशी, आमच्या चपला असतात तिथं
सासऱ्यांच्या गोधडीत ठेवलंय आता.
त्याच्या वाटणीचा चीक मात्र
थेंबही सांडू दिला नाही मी.

रात्री सासरे वहीत लिहितात.
रोजच्यासारखं, पेन्सिलीला जीभ लावून :
वादळ. गाडी नाही. ३९०० गेलं.
थांबतात. चष्मा काढतात, घालतात.
एक कालवड.

खिडकीत काहीच दिसत नाही अजून.
चारचा गजर लावलाय.
हातमोजे वाळलेले नाहीत.