सीट उघडी ठेवा

आमच्या बाजारात गाडी लावली की सीट वर करून ठेवायची,
आत काही नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.
शंभर मोटरसायकली ओळीनं आ वासून उभ्या,
दाताच्या डॉक्टरकडं आल्यासारख्या.
पाऊस आला की सगळ्यांच्या पोटात पाणी.
टेकू मी बनवतो, जुन्या तारेचे, वीस बाहतला एक.
खोटं कशाला बोलू, दुकानाचं छप्पर
त्या टेकूंवरच उभं आहे.

पहिल्या वर्षी बॉम्ब फोनवर उडायचे.
मग लष्करानं जीपवर एक पेटी आणली,
जीप जिथवर जाई तिथवर सगळे फोन मुके.
आई पत्तानीच्या इस्पितळात गेली,
ती बातमी मला जीप पुढं सरकल्यावर मिळाली.
मग डोंगराकडच्या पोरांनी फाटक उघडायचा रिमोट घेतला.
पेटीला तोही कळायला लागला.
मग घड्याळ.
मग नुसती तार, रबराच्या पाचोळ्याखालून ओढत नेलेली,
आणि टोकाशी एक माणूस, डासांत बसलेला.
पेटी दरवर्षी हुशार होत गेली
आणि समोरची अक्कल उलट्या पावली
माझ्या आज्याच्या काळात जाऊन पोचली.
तारेचं बोलणं कुठली पेटी ऐकणार?

रबराचा चीक रात्री दोनला चांगला गळतो.
झाडाला संचारबंदी कळत नाही.
म्हणून हुकूम निघाला: चीक काढणाऱ्यांनी
कपाळाला हिरवा दिवा लावावा, हिरव्यावर गोळी नाही.
पंधरा दिवसांत रानात हिरवे दिवे दुप्पट झाले.
हुकूम मागं घेतला.
आता माझी भावजय सापियाह अंधारातच जाते,
सालीवरचा कालचा काप बोटांनी चाचपते,
त्याच्याखाली आजचा घेते.

साहेब लोक ट्रकमधून यायचे. ट्रक उडाले.
दुचाकींवर आले, दोघं-दोघं.
मग पायी, वीस-वीस पावलं सोडून.
मग लेफ्टनंट प्राकित नुसताच आला, चहा प्यायला.
आमच्या बोलीत ‘तेरिमो कासेह’ म्हणायला शिकला,
पण चुकीच्या जागी म्हणायचा, बिल मागताना.
एक होला विकत घेतला,
पिंजरा आमच्या पिंजऱ्यांशेजारी टांगला.
तीन महिने होला गप्प.
म्हातारे म्हणाले, याच्या पाण्यात बंदुकीचं तेल असेल.
चौथ्या महिन्यात घुमला.
त्या दिवशी रबर तोलणाऱ्या मायुसोनं
पहिल्यांदा स्वतःहून साहेबाला काहीतरी सांगितलं.
काय, ते मी विचारलं नाही.
दोन आठवड्यांनी प्राकितची बदली.
नवा साहेब आला नवी फाईल घेऊन, ट्रकमधून.
मायुसोचा काटा आता दुसराच कुणी धरतो.
होला माझ्याकडं आहे.

परवा फैरूस आला. सोळाचा, मिशीचं अजून ठरलेलं नाही.
म्हणाला, काका, सीट उघडीच राहील,
पण टाकीच्या आत…
आणि थांबला.
मी म्हटलं, तसला पाना माझ्याकडं नाही.
भिंतीवर सगळे पाने मापाप्रमाणे टांगलेले होते.
दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

संध्याकाळी नाक्यावरचा बुनलोम आला. ईसानचा पोरगा,
घरची भातलावणी टाकून इथं उन्हात उभा असतो.
ब्रेकची तार बदलताना त्यानं सहज विचारलं,
तू माझ्या जागी असतास तर कुठं बघितलं असतंस?
माझ्या हातात पक्कड. होला घुमत होता.
मी म्हटलं, सीटखाली.

तेव्हापासून दुकानात गाडी आली की
मी सीट वर करतो, टेकू लावतो,
मग गुडघ्यावर बसून टाकीवर बोटाचं पेर वाजवतो,
कलिंगड घेताना वाजवतात तसं.
स्वतःच्या गाडीवरसुद्धा.
पोकळ वाजतं, भरीव वाजतं.
पेट्रोल अर्धं असलं की
नेमकं काहीच कळत नाही.