पाचवा पाय

तोर्सहाव्न. सकाळचे नऊ, खिडकी अजून काळीच.
मार्युन बरणी हलवते
आणि फॉर्मॅलिनमध्ये चमचाभर समुद्र ढवळून निघतो.

कोपेपॉड. तांदळाच्या कणीएवढे,
अंगापेक्षा लांब मिशा, पोटात तेलाचा एकच थेंब.
तो थेंब हेरिंग खाते, हेरिंगला कॉड, कॉडला आम्ही.
गावाला विचाराल कशावर जगता,
तर गाव म्हणेल, मासळीवर.
थेंबाचं नाव कुणी घेत नाही.

जाती दोन.
एक थंड पाण्यातली, आमची.
दुसरी दक्षिणेची, हळूहळू वर सरकणारी.
वरवर पाहिलं तर सख्ख्या बहिणी.
ओळखायचं तर पाचवा पाय सुईनं सोडवायचा,
ग्लिसरीनमध्ये निजवायचा
आणि आतली दातेरी कड बघायची:
सरळ, की आत वळलेली.
एवढंच.

"सरळ," मार्युन म्हणायची, मी वहीत रेघ ओढायचो.
"सरळ. सरळ. तुझा चहा निवतोय. सरळ."
एकतीस वर्षं, डोळ्यांत तेल घालून.

मग तिचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटल्यावर पहिलं वाक्य:
"तुझा स्वेटर निळा आहे होय?
मी इतके दिवस करडा समजत होते."
हसलो आम्ही.
ती मात्र हसता हसता थांबली,
तळघराची किल्ली घेतली, एकटीच खाली गेली.

चार हिवाळ्यांच्या बरण्या वर आल्या.
"वळलेली," ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं पुन्हा, "वळलेली."
दक्षिणेची ती आमच्या नोंदीआधीच
इथं येऊन राहिली होती,
आमच्याच नावाखाली.

हेइनीसाहेब म्हणाले, अहवाल छापून झालाय,
इतकी तफावत चालते.
मार्युननं लाल पेन्सिलीला टोक काढलं.
जुना आकडा वाचता येईल अशी
त्याच्यावरून एकच रेघ मारली,
शेजारी नवा आकडा, तारीख, स्वतःची सही.
दोनशे अकरा वेळा.

आज तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली.
"ही तू बघ. मला सांगता येत नाही."
मी वाकलो. श्वास धरला.
कड सरळ वाटते,
भिंग जरा फिरवलं की वळते,
माझी पापणी हलली की दोन्ही.

बंदरात बोटीचा भोंगा वाजून गेला.
वहीत तिसरा रकाना नाही.
मार्युन पट्टी घेऊन तो आखते आहे,
सावकाश, मला घाई न करता.