बावन्न पौंडी फेब्रुवारी

एक तारखेला विनिफ्रेडबाईंनी माझे सगळे बाण काढून घेतले.
एकच ठेवला. म्हणाल्या, "एम्रिस, लक्ष्य विसर.
दोन पावलांवर उभा राहा, डोळे मीट आणि ओढ.
महिनाभर एवढंच."
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव चालवलेली बाई.
तिच्याशी कोण हुज्जत घालणार?

दुखणं असं आहे:
दोरी गालाशी येते, आणि येता येताच
बोटं सुटतात. मी सोडत नाही, ती सुटतात.
पिवळा ठिपका दिसला रे दिसला
की हात माझा राहत नाही.
क्लबात सगळ्यांना या दुखण्याचं नाव ठाऊक आहे,
मोठ्यानं कुणी घेत नाही.

तर मी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मध्ये
क्लेम प्रीसच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये
पेंढ्याच्या गादीपुढे उभा, डोळे मिटून.
वर पत्र्यावर गारा.
मेंढ्या बघतायत, आणि मला ते कळतंय.

डोळे मिटले की धनुष्य वेगळंच होतं.
यूचं लाकूड, पोटाकडे तांबूस, पाठीला सायीसारखं.
आजवर मी ते नुसतं बघत होतो.
अर्ध्यावर ते बारीक कुरकुरतं,
आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीसारखं.
क्लेम म्हणतो, पुरं ओढलेलं धनुष्य
म्हणजे जवळजवळ मोडलेलंच.
चार हिवाळे लाकूड सुकवून त्यानं ते घडवलंय,
म्हणून मी ओढायला लागलो की
तो बाहेर जाऊन उगाच फाटकाची कडी तपासतो.

बारा तारखेला दोरी आली आणि थांबली.
एक. दोन.
मग मी ती न सोडता, हळूहळू परत नेली,
झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवावं तशी.
घरी डेलिथला सांगितलं.
म्हणाली, म्हणजे आज तू काहीच केलं नाहीस?
हो, म्हटलं. अगदी तेच केलं.

मग सुट्टी लागली, बस उभी,
आणि चार दिवस पुन्हा वाईट.
त्याबद्दल लिहीत नाही.
एका रात्री स्वप्न पडलं:
बस चालूच आहे, आणि प्रत्येक थांबा यायच्या आतच
दार उघडतंय.

अठ्ठावीसला, रविवारी, लग नदीकाठी झेंड्याची स्पर्धा.
एकशेऐंशी यार्डांवर रोवलेला झेंडा, हातरुमालाएवढा दिसणारा.
विनिफ्रेडबाईंनी बाण परत दिले, एकेक मोजून,
शेजारणीला वाट्या परत द्याव्यात तसे.

डोळे उघडे ठेवून ओढलं.
अंगठा जबड्याच्या हाडाला टेकला
आणि तिथेच राहिला.
झेंडा दिसत होता, तरी राहिला.
मागे कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं.
एक मेंढी खोकली. पुलावरून फटफटी गेली.
हे सगळं ऐकायला
माझ्यापाशी वेळ होता.

बाण झेंड्यावरून, कुंपणावरून, पलीकडे.
टाळी एकच वाजली. विनिफ्रेडबाईंची.

सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात.
येतो की. आपण जाऊन आणायचा असतो,
घोटाभर चिखलातून, काठीनं गवत विंचरत.
अंधार पडेपर्यंत विंचरलं. नाही मिळाला.
हंसाची दोन करडी पिसं, तिसरं मी रंगवलेलं, निळं.
दोरी उतरवली, तिला मेण लावलं, घरी आलो.

सोमवारी, एक मार्च. सगळी पोरं
कोटावर डॅफोडिल टाचून.
वरच्या शेतावरच्या थांब्यावर सियान चढली,
हातात माझा बाण.
बसमध्ये शस्त्र आणायला मनाई आहे,
सूचना माझ्याच डोक्यावर चिकटवलेली.
दोघांनीही ती वाचली.

"कुठे मिळाला?"
"आमच्या शेणाच्या ढिगाऱ्यात," ती म्हणाली.
"अगदी मधोमध."