भोंगा

चिमणी पाडली त्या दिवशी
साखर पेठेतली राजमणी आत्या
मांडीवरचं सूप न उतरवता म्हणाली,
“धूळ इकडंच येणार,
कपडे काढ दोरीवरचे.”

तिचा नवरा साच्यांच्या आवाजानं बहिरा झालेला.
तरी पहाटेचा भोंगा
गल्लीत त्यालाच आधी कळायचा:
जमिनीतून, म्हणे, टाचेला.

विड्या ती तेलुगूत मोजते,
रेशनवाल्याशी मराठीत भांडते.
कानडी तेवढी शेजारच्या गुरव्वाच्या
बाळंतपणात शिकली,
एका रात्रीत, लागेल तेवढीच.

परवा नातवानं विचारलं,
मिल नक्की कुठं होती गं?

हातात कट्टा.
तिनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला,
फरशीवर टाच टेकवली
आणि थांबली जराशी.

“इरवै,” म्हणाली,
पुढचा आकडा येईना.

पंचविसाचा कट्टा
पुन्हा एकपासून.