उलटा चेहरा

तुझा चेहरा मला उलटाच पाठ आहे, लायल :
हनुवटी वर, कपाळ खाली,
हेल्मेटच्या जाळीतून निघून
तुझ्याच गुडघ्यांमधून वर जाणारी वाफ,
आणि पायांच्या कमानीतून माझ्याकडे बघणारे
करडे, किंचित वैतागलेले डोळे.

सात हंगाम मी तुझ्यामागे आठ यार्डांवर
एक गुडघा टेकून बसलो,
गवतावर बोट ठेवून : इथे.
पातं लवायच्या आत चेंडू यायचा,
नाडी पुढे करूनच,
कुणी घडी घातलेला शर्ट हातावर ठेवावा तसा.
मग इमेका लाथ मारायचा.
तीन गुण त्याचे, बुटांची जाहिरात त्याची,
आपण दोघं बाकावर, हात काखेत.

लोक विचारायचे, तू नक्की करतोस काय?
वाकतो, म्हणायचास.

माइनॉटला, बापाच्या गॅरेजात,
साखळीला टांगलेला शाळेच्या बसचा टायर.
शून्याखाली वीस,
आणि आई कोटावर कोट चढवून मोजायला बसलेली.
शंभरातले नव्वद आरपार गेले की जेवण.
हे एकदाच सांगितलंस, डेन्व्हरहून परतताना,
आणि लगेच झोपलास.

करार एका वर्षाचा, दर वर्षी एकाच वर्षाचा.
मॅरिटने बफेलोतल्या भाड्याच्या भिंतीला
कधी खिळा ठोकला नाही.
मंगळवारी सरावाच्या मैदानावर
कोवळ्या मिशीचा एखादा पोरगा यायचा
तुझीच जागा मागायला.
तू त्याला कोरडा टॉवेल द्यायचास,
सांगायचास, वारा तळ्याकडून येतो, सांभाळ.

अकरा वर्षांत तुझं नाव एकदाच पेपरात आलं,
तेही आडनाव चुकवून.

त्या रविवारी बर्फ आडवा पडत होता.
घड्याळात चार सेकंद, एका गुणाने मागे.
चेंडू जमिनीवर लोळला,
आणि पुढचं सगळ्यांनी पाहिलं.

लायल, तो चेंडू नीट आला होता.
नाडी पुढे, छातीच्या उंचीला.
माझ्या बोटांना तो कळलाच नाही.

तुला दिसणं शक्य नव्हतं.
चेंडू सुटला की तुझी मान वर
आणि समोरचा तीनशे पौंडांचा गडी त्या मानेवर.
चित्रफितीत नुसता बर्फ आहे.
कॅमेरे आत आले तेव्हा मी बुटाची नाडी सोडत होतो,
सोडतच राहिलो.
पलीकडून तुझा आवाज : उंच गेला माझ्याकडून.

मला वाचवायला बोलला असतास
तर तुझे पाय धरले असते.
पण तुला खरंच तसं वाटलं.

मार्चमध्ये कोवळ्या मिशीवाल्याला घेतलं.

परवा मिनियापोलिसच्या विमानतळावर हाक आली.
वळलो. उंच, टक्कल पडलेला
अनोळखी माणूस, सरळ उभा.
हसलास तेव्हा कुठे कळलं.
काय बोलायचं म्हणून विचारलं,
हाताला सवय आहे का अजून?
गॅरेजात टायर आहे, म्हणालास,
रोज शंभर.
अजून शोधतोय, त्या दिवशी मनगट कुठे वळलं ते.

माझ्या विमानाला दोन तास होते.
उशीर होतोय, म्हणालो.